डाळ तेवढीच, पोती कमीजास्त

९ मार्च, लातूर
लिहायचं टाळत होतो. फेब्रुवारी अख्खा कोरा. वही उघडली की मोबाईल हातात, मग झोप. आज शेठ म्हणाले, "दुसरी पाळी बंद करायची का, तुझ्या गणितानं सांग. शनिवारी ठरवू." दुसरी पाळी म्हणजे गौतमदादा. मूळ किनवटकडचा. त्यानंच मला ह्या पोत्यांच्या कारखान्यात चिकटवलं, त्याच्याच खोलीवर पडलेला असतो मी. ऐकून काहीच वाटलं नाही. हे बरं नाही.

१० मार्च
बी.एस्सी. अर्धवट, गणित मोबाईलवर बघून शिकलेलं. डाळमिलांच्या ऑर्डरी कॉम्प्युटरात टाकायच्या, पुढच्या आठवड्यात किती पोती लागतील ते काढायचं. जानेवारीत मागणीची रेघ वर, म्हणून दोन पाळ्या. आता मिलवाले फोन उचलत नाहीत. रेघ जमिनीला.
दादा : "काय म्हनतंय तुजं यंत्र?"
"बघतोय."
"बग निवांत. मी कुटं पळून चाललो."

११ मार्च, नांदेड
शेठनं बाजार बघायला धाडलं. किराणावाला म्हणाला, "डाळ रोजच्याइतकीच. लोक वरण खायचं सोडतेत का?" पुढच्या दुकानात तेच. समोर मुदखेडची गाडी दिसली, बसलो. स्टेशनवर गाड्या बघत दुपार घालवली. कशाला आलोय तेच विसरलो.
संध्याकाळी परत नांदेड, डाळमिलचे मुनीम भेटले. गोडाऊनात आमचीच पोती, पार पत्र्यापर्यंत. "जानेवारीत तुमचा मेसेज आला, पोती कमी पडतील. धा मागितली की पाच देता तुमी, म्हाईत हाय. म्हनून वीस मागितली. तर तुमी वीसच दिली की हो."
मेसेज मी टाकला होता. गणितात तसं आलं होतं म्हणून.

१२ मार्च, बसमध्ये
पडून असलेली पोती धरून परत मांडलं. रेघ खाली जाते, मग वर. चांगलीच वर. मग आपण घाबरून परत दोन पाळ्या, परत पत्र्यापर्यंत. दुकानात काहीच हललेलं नाही. वर कधी येईल, ते कुणाकडे किती पडलीत त्यावर. खरं कोण सांगणार.

१३ मार्च
शेठ : "येईल वर. पण कधी?"
"महिना-दोन महिने. नक्की नाही सांगता येत."
"तोवर पगार तुझं गणित देईल?"
त्यांचंही बरोबर.
मेसेजचं दादाला सांगितलं. "शेठनंच टाकाय लावला आसंल," म्हणाला, भाकरी पुढे सरकवली. खाल्ली.

१४ मार्च, शनिवार
संध्याकाळी शेठ सांगणार. दादा सकाळपासून दुसऱ्या कारखान्यांच्या गेटांवर विचारत हिंडतोय. मी खोलीवर. रेघ तशीच, कितीदा काढली तरी...

रिक्षा थांबली. दारात एक बाई, कडेवर पोरगी. रिक्षावाला ट्रंक उतरवतोय, वर शेगडी. दादाची बायको. किनवटहून. "संक्रांतीला हे म्हनले हुते, दोन पाळ्या चालू हायत, बिऱ्हाड घिऊन ये. कापूस उरकला तवा निगाले. फोन लागंना त्यांचा."

पाणी दिलं. ट्रंक आत घेतली. विचारतायत, "पाळीवर गेलेत का?"