सात नंबरची मिरची

१२ डिसें. १९७८, मंगळ.
सात नंबरच्या मिरचीत आज पराग सापडला. टपोरा, भरलेला, कार्माइनच्या रंगद्रावात लालभडक. दोन वर्षं या झुडपाच्या एकाही फुलात धड कण नाही, त्यावरच माझा प्रबंध उभा आहे. परागकोशाच्या आतला पोषक थर वेळेआधीच विरतो. चारचारच्या चौकड्या होतात, पण सुटे झालेले कण उपाशी मरतात. आणि आज हे! तीन स्लाइड केल्या, तिन्ही तशाच.
कोणीतरी कुंडीवरची नंबराची पट्टी बदलली. लॅबच्या किल्ल्या दोनच. एक माझी, दुसरी सुमन आपटेची. बाई परवाच नागपुराहून बहिणीचं लग्न उरकून आली. वीस दिवस नव्हती तोवर सगळं ठीक होतं.

१३ डिसें.
आपटे दारातूनच, "अहो शाहिदा, सात नंबरला पालवी फुटली म्हणे. अभिनंदन!"
मी कोणाला सांगितलं नव्हतं. वही टेबलावर उघडी राहिली होती, हे खरं. पण दुसऱ्याची वही वाचायची कशाला? तिचीही मिरचीच आहे, धडधाकट, परागाने भरलेली. अदलाबदलीला लांब जायला नको.

१६ डिसें., शनि.
पट्टी बदललेली नाही. खोडावर माझ्याच कात्रीचा जुना व्रण आहे. मग आपटे स्लाइड बदलते?
सातच्या दोन्ही कुंड्यांतल्या, मूळ झुडपाच्या आणि त्याच्या कलमाच्या, कळ्यांना मलमलीच्या पिशव्या बांधल्या. निळा दोरा, गाठ माझी, अब्बांनी शिकवलेली. ते मंडईजवळच्या दुकानात अत्तराच्या पेट्या तशाच बांधतात. किल्ली गळ्यात. अब्बा म्हणाले, "मिरचीवर पहारा? लाल किल्ला आहे का तो?" हसू आलं नाही.

१९ डिसें.
गाठी जशाच्या तशा. पिशवीतलं फूल तिथेच उघडलं, काचेवर माझी खूण कोरली. पराग भरलेला.
संतापाने लॅबप्रमुख सरांना पत्र दिलं. 'माझ्या नमुन्यांत हेतुपुरस्सर ढवळाढवळ. किल्ली सौ. आपटे यांच्याकडे असते.' सर फारसं न विचारता म्हणाले, "बरं झालं लेखी दिलंत." दुपारी आपट्यांची किल्ली काढून घेतली. त्यांना लॅबमध्ये अजून एक वर्ष द्यायचं की नाही, ते १५ जाने.च्या बैठकीत ठरणार आहे.

२१ डिसें.
सकाळी नऊला सातच्या कळ्या तोडल्या. अगदी बारक्या, तांदळाच्या कणीएवढ्या, त्या फोडल्या. चौकड्या व्यवस्थित, भोवती पोषक थर शाबूत. जरा मोठ्या कळीत कण सुटे झालेले, धष्टपुष्ट. मिटलेल्या कळीच्या पोटात कोण हात घालणार?
कण जगणार की मरणार हे फूल उमलतं तेव्हा ठरत नाही, पंधरा दिवस आधी कळीत ठरतं. हे मी दोन वर्षं दुसऱ्यांना समजावते! १२ तारखेच्या फुलाचा निकाल नोव्हेंबरच्या अखेरीला लागला. आपटे तेव्हा नागपुरात.
मी फूल उमललं त्या दिवशीचा चोर शोधत होते.
माझीच नोंदवही. २५ नोव्हें., 'काचघराची दुरुस्ती. कुंड्या गच्चीवर हलवल्या.' अक्षर माझं. आणि त्यानंतर पडलेली ती थंडी.

२२ डिसें.
दुरुस्ती झालीय. सातची एक कुंडी काचघरात उबेला नेली, दुसरी गच्चीवर राहू दिली. कोणाला सांगितलं नाही. आधी खात्री, मग सांगू. आरोप करताना ही अक्कल कुठे गेली होती?

८ जाने. १९७९
काचघरातली फुलं, सुरकुतलेली रिकामी टरफलं. गच्चीवरची, भरलेला पराग. थंडीत झाड सावरतं. मोठी गोष्ट आहे ही. आनंद झाला, आणि त्याची लाज वाटली.
सरांकडे गेले, पत्र परत मागितलं. "फाइलला लागलं. आता बैठकीतच बोला." आपट्यांची जागा सरांना आधीपासून दुसऱ्या कोणाला द्यायची होती काय? पुन्हा संशय. जित्याची खोड.

१० जाने.
कर्वेनगरला आपट्यांच्या घरी गेले. दारातच उभं ठेवलं. सगळं सांगितलं, थंडी, कळ्या, तारखा. शेवटी माफी. ती आधी मागायला हवी होती.
"अहो, विचारायचं होतं. मी काही परागकण नाही, मला बोलता येतं."
सोमवारी याल का, विचारलं. म्हणाल्या, "कशाला? तुमची स्लाइड बघायला?" मग दार लावलं. आपटलं नाही, तेच जास्त लागलं.

१४ जाने., रवि.
सरांचा निरोप, 'बैठकीत एवढंच म्हणा की थोडा गैरसमज झाला. वाढवू नका.' गैरसमज म्हटलं की अर्धा दोष आपट्यांकडे राहतो आणि सरांची सोय होते.
कागद दोनदा लिहिला. आधी 'गैरसमज' लिहिलं, खोडलं. आता आहे ते असं, 'मी सौ. आपटे यांच्यावर खोटा आरोप केला. चूक माझ्या तारखा मोजण्यात होती.' हे वाचलं की माझ्या दोन वर्षांच्या कामावरही प्रश्न येणार. येवोत.
आपटे नाही आल्या तरी वाचणार. वाचेन ना? सर समोर बसलेले असतील. इतके दिवस सगळ्यांवर पाळत ठेवली, आज स्वतःचाच भरवसा वाटत नाही.