मान खारबुलींची, धड नोंगरुमांचं

लायतुमख्रा, शिलाँग

सोहऱ्याच्या आपल्या घराची मालकीण, आईच्या चुलीची राखणदार आणि आम्हा सगळ्या भावंडांत शेवटून पहिली, अशी माझी बहीण थेलिन हिला थोरला भाऊ वेलबर्थचा मनापासून खुब्लेई.

प्रिय हेप, माझे धाकटे, तुझे गुडघे कसे आहेत? डुकरीण व्यायली का? पाऊस कसा आहे हे विचारत नाही, सोहऱ्याच्या (नकाशातल्या चेरापुंजीच्या) माणसाला ते विचारणं शोभत नाही. मी बरा आहे. म्हणजे जेवतो, चर्चला जातो, सुपारी खातो आणि बाकीचा वेळ बसून असतो. फोनच करणार होतो, पण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. पत्र मध्येच तोडता येत नाही. (येतं, पण ते मला दिसत नाही.)

माझ्या फिडालियाला जाऊन आता हिवाळा उलटला. घर आमच्या धाकटीचं, इबानचं झालं, जसं आईचं तुझं झालं. तिचा नवरा किटबोक राहायला आला आहे. मुलगा गरीब आहे, मी खोकलो तरी उठून उभा राहतो. इबानला दिवस गेले आहेत, पाळण्यासाठी मागची खोली हवी, आणि त्या खोलीत माझ्या सात गिटारी आहेत. इबान म्हणते, पा, वाजवणाऱ्याला एक गिटार पुरे, कुठलीही एक ठेवा. तेव्हा प्रश्न उरलेल्या सहांचा आहे. आपल्या घरातली चुलीमागची भिंत, जिथे आई मांस धुरावर सुकवायला टांगायची, ती सध्या रिकामी असेल तर त्या सहा जणींना तिथे आसरा मिळावा, एवढ्यासाठी हे पत्र. तू नाही म्हणालीस तर त्या कुठे जातील मला ठाऊक नाही.

आपले मामा इथून परत आले तेव्हा त्यांनी तुला काहीतरी सांगितलं असणारच. मामांना उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि डाव्या कानाने जे येतं ते त्यांना पटत नाही, तेव्हा खरं काय घडलं ते माझ्याकडून ऐक. रविवारी चर्च सुटल्यावर दोन्हीकडचे मामा माझ्या सामानाच्या वाटणीला बसले, एक आपले आणि एक इबानचे, म्हणजे माझा मेहुणा प्रेस्टन. पुरुषाची लग्नाआधीची कमाई आईच्या घराची, लग्नानंतरची बायकोच्या घराची, यात बोलण्यासारखं काय आहे, चहा निवायच्या आत उरकू, असं प्रेस्टन म्हणाला. कोट, रेडिओ, छत्र्या यांचं उरकलंही. मग गिटारी बाहेर आल्या. दोन आपल्याकडे लागल्या, चार त्यांच्याकडे. (लग्नानंतरही मी सुधारलो नाही याचा पुरावा म्हणून प्रेस्टनने त्या चार मोठ्याने मोजल्या.) लाल गिटार मात्र मधेच राहिली. ती मी हॉटेलातल्या बँडच्या पैशातून घेतलेली, लग्नाच्या कितीतरी आधी. पण लग्नानंतर दमटपणाने तिची मान वाकली, तेव्हा फिडालियाने आपल्या जादोह-भाताच्या दुकानातून साठवलेले पैसे घालून कलकत्त्याहून नवी मान मागवून दिली होती. हे मी बोलायला नको होतं. पण त्यांनी विचारलं, आणि नुकतीच प्रार्थना आटोपून आलेलो, खोटं तरी कसं बोलायचं.

प्रेस्टन म्हणाला, मग मान आमच्या कुळाची, खारबुलींची. मामा म्हणाले, खुशाल न्या, धड आमचं, नोंगरुमांचं. मला वाटलं चेष्टा चालली आहे, म्हणून मी हसलो. दुसरं कुणी हसलं नाही. मामांनी किटबोकला स्क्रूड्रायव्हर आणायला लावला (त्याने तो पुसून आणला), दोघे म्हातारे चष्मे लावून जमिनीवर बसले आणि त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत मान वेगळी केली. मान प्रेस्टनच्या मांडीवर, धड मामांच्या, आणि तारा दोघांच्या मधे लोंबतायत. मग त्या तारा कुणाच्या यावरून नव्याने जुंपली. तारा मी हल्लीच घातल्या होत्या, फिडालिया गेल्यानंतर. बायको गेलेल्या माणसाने घेतलेली वस्तू कुठल्या घराची, हे कुठल्याच नियमात बसेना. दोघांनी एकेक सुपारी तोंडात टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात इबान पुथारोच्या घावनांचं ताट घेऊन आली. तिने दोन्ही तुकडे पाहिले आणि प्रेस्टनला म्हणाली, "मामा, या मानेने काय डाळ घोटणार आहात? आणि आजोबा, तुम्ही काय धडावर सुपारी कातरणार?" मग तिनेच पोट सावरत खाली बसून मान पुन्हा बसवली. नीट बसलेली नाही, सूर लागत नाही, पण मी तिला तसं म्हटलं नाही.

आता तू म्हणशील, पण मुळात सात कशाला? ऐक. चर्चसाठी वेगळी लागते, कारण हॉटेलच्या वासात वाजलेली गिटार स्तोत्राला नेली की पाद्री नाक मुरडतो. पावसाळ्यासाठी प्लायवुडची लागते, जिला मुळात आवाजच नाही, त्यामुळे तो बिघडायची भीती नाही. एक लागते ती मागायला येणाऱ्यांना द्यायला. शिलाँगमध्ये वाजवतात सगळे, आणि निम्म्यांकडे स्वतःची नसते. नाही म्हणावं तर वैर, चांगली द्यावी तर गिटार गेली. (ही इतकी वाईट आहे की लोक त्याच संध्याकाळी परत आणून देतात, वर माझी विचारपूस करतात.) बारा तारांची एक आहे, तिला सध्या नऊ आहेत. एक डावखुऱ्यांची आहे. मी उजव्या हाताने वाजवतो हे खरं, पण ती दुकानात एकटीच उलटी टांगलेली होती, मला बघवेना. लाल तर तुला माहीतच आहे. उरली ती चांगली आहे, म्हणून मी तिला हात लावत नाही. आता यातली कुठली जास्त आहे ते तूच सांग.

हे सगळं मी फिडालियालाही समजावलं होतं. दुकानातून आली की ती चुलीपाशी बसायची आणि तिथूनच म्हणायची, एक माणूस, दोन हात, सात गिटारी, मग बाकीचे बारा हात कुठे ठेवलेस? तिला सगळ्या गिटारी सारख्याच वाटतात, असं ती शेजारणींना सांगत असे. पण मी नवी गिटार जुनीच्या पेटीत लपवून आणावी, दार लावून अगदी हळू एक तार छेडावी, की आतून आवाज आलाच, ही कुठली सवत आणलीस? पावसाळीला ती शेंबडी म्हणायची. चर्चच्या गिटारीला पाद्रीणबाई. शेवटी शेवटी तिच्याने बोलवत नव्हतं, तेव्हा मी मागच्या खोलीत वाजवायचो आणि ती पडल्या पडल्या भिंतीवर बोटं आपटायची. त्याचा अर्थ, पुरे. मी थांबायचो. मग थोड्या वेळाने पुन्हा आपटायची. त्याचा अर्थ, का थांबलास. दोन्ही आवाज सारखेच असायचे, पण माझी कधी चूक झाली नाही. हल्ली मी वाजवता वाजवता मधेच थांबतो आणि भिंतीकडे बघत राहतो. फार वाईट जातात ग दिवस.

असो. तर भिंतीचं तेवढं बघ. मुलांना आशीर्वाद, मामांना माझा राग नाही म्हणून सांग. (डाव्या कानात.)

तुझा भाऊ,
वेलबर्थ

ता. क. – इथवर येईपर्यंत तू म्हणून चुकली असशील की वेल्याला वेड लागलं, सोहऱ्याला कुणी गिटारी पाठवतं का? बरोबर आहे. एका पावसाळ्यात सहाही वाकतील, आणि वर धुराने काळ्या पडतील. हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. गिटारी येत नाहीत. भिंत नको, त्या भिंतीला लागून एक खाट मावेल का ते बघ. आईच्या घरात यायला भावाने विचारायचं नसतं हे मलाही माहीत आहे. पण इतकी वर्षं दुसऱ्याच्या घरात काढल्यावर एकदम येऊन उभं राहायचा धीर होत नाही.

ता. क. २ – इबानबद्दल वर लिहिलं ते खोटं आहे, तिला रागावून फोन करू नकोस. ती म्हणाली, पा, सगळ्या राहू द्या, पाळणा आमच्या खोलीत मावेल. किटबोकने भिंतीला खुंट्या ठोकून दिल्या, एक जादाच ठोकली, म्हणाला पुढे एखादी घेतलीत तर. मी वाजवायला बसलो की दोघं पावलं न वाजवता चालतात, टीव्ही बंद करतात, दार हळू लोटतात. इतकी चांगली आहेत दोघं, की मला त्या घरात बसवत नाही. दिवसभर वाजवलं तरी कुणी पुरे म्हणत नाही, थेलिन.

ता. क. ३ – एक गिटार मात्र बरोबर आणीन. लहानपणी मी वाजवायला लागलो की तू कानात बोटं घालून, पाय आपटत आईकडे जायचीस. अजूनही तुला तो आवाज तितकाच सहन होत नाही ना, एवढं उलट टपालाने कळव, म्हणजे मी निघतो.