उजवी की डावी

बाबा, काल तुमची मोटारसायकल सुरू केली. सुरू झाली म्हणजे खोकत, धूर सोडत, सोसायटीतल्या लोकांच्या कपाळाला आठ्या पाडत सुरू झाली. कोथरूडमध्ये रविवारी सकाळी आवाज करणं हा अजूनही गुन्हाच आहे. तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं ती कव्हरखाली उभी होती. मी विकली नाही आणि चालवलीही नाही. गेल्या महिन्यात मेकॅनिककडून साफ करून आणली. वाटलं, तिचे दोन्ही कार्बोरेटर एकदा तरी आपल्या हाताने सारखे लावून बघावेत. आई शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती.

खडकीच्या क्वार्टर्समधले रविवार डोळ्यांसमोर येतात. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून तुम्ही पोत्यावर उकिडवे बसला आहात, इंजिन गरम झालंय. इतरांच्या गाडीला एक कार्बोरेटर, आपल्या गाडीला दोन, दोन सिलिंडरना एकेक. आणि दोघांची बरोबरी झाली नाही की गाडी लंगडते. तुम्ही मागे दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरता. धुराचे झटके सारखे लागतायत का, ते बघता. ढोबळ फरक हाताला कळतो. मग शेवटच्या बारीक फरकासाठी स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे येता आणि मला विचारता, "ऐक नीट. कुठली बाजू मागे पडतेय? उजवी की डावी?" मी सांगते. "नक्की?" "नक्की." "नक्की म्हणायला काही लागत नाही. परत ऐक." मला ती परीक्षाच वाटायची, शाळेतल्या कुठल्याही परीक्षेपेक्षा कडक. कधीतरी शाबास म्हणाल म्हणून मी वाट बघायचे. तुम्ही स्क्रू पाव फेरा फिरवायचात आणि फडक्याला हात पुसायचात.

हडपसरच्या कंपनीत मला नोकरी लागली, त्या दिवशी तुम्ही रजेवर होतात. टाकी उतरवून कार्बोरेटर खोलून बसला होतात. मी फाटकातून धावतच आले. "बाबा, मला नोकरी लागली! सॉफ्टवेअरमध्ये!" तुम्ही मानही वर केली नाहीत. मग मी दिसले तेव्हा म्हणालात, "तो दहाचा पाना दे गं." मी पाना दिला आणि आत निघून गेले. रात्री जेवताना आईने सांगितलं तेव्हा म्हणालात, "हो? छान झालं की." तुमचं ते 'हो?' मला टोमण्यासारखं लागलं. आपल्या घरात टोमण्यांची टंचाई कधीच नव्हती.

पुढच्या रविवारपासून मी तुमच्याजवळ येऊन बसले नाही. दोन-तीनदा तुम्ही खालून हाक मारलीत, "अगं, जरा येतेस का?" मी अंथरुणातूनच ओरडले, "मेकॅनिककडे न्या की." मग हाका थांबल्या. गाडी मिसिंग मारायला, मध्येच अडखळायला लागली. पहिल्या पगाराच्या ऐटीत मी म्हणालेही, "विका आता ती. नवीन घ्या, एकच कार्बोरेटर असतो." तुम्ही विकली नाहीत, पण कामावर बसने जायला लागलात. मला वाटलं, वय झालं.

काल मी तुमच्यासारखेच सायलेन्सरशी हात धरून बसले होते. आई म्हणाली, "हाताने त्यांना तेवढंच कळायचं. पुढचं तूच सांगायचीस ना."

"म्हणजे?"

"अगं, डाव्या कानाने त्यांना काही ऐकूच यायचं नाही. लहानपणी कान फुटला होता. पुढे उजवाही कमी होत गेला. कुणाला सांगायचं नाही म्हणून मला बजावलं होतं." माझा चेहरा बघून तिलाच नवल वाटलं. "तुला ठाऊक नव्हतं? मला वाटलं, म्हणूनच तू बसायचीस त्यांच्याजवळ."

ती परीक्षा नव्हती, बाबा. तुम्ही मदत मागत होतात. आणि फाटकातून मी आले ती तुमच्या डाव्या बाजूने. ज्या गोष्टीचा राग मी इतकी वर्षं धरला, ती तुम्ही ऐकलीच नव्हतीत. चार पावलं पुढे येऊन तेच वाक्य पुन्हा म्हटलं असतं तर तुमचा चेहरा मला बघायला मिळाला असता. याचं फार वाईट वाटतंय. तुमचाही राग येतोय. सांगायचं होतं की! लोकांची उणीदुणी काढताना आपण कधी मागेपुढे पाहिलं नाही, आपलं दुखणं मात्र झाकून ठेवलं.

हे पत्र माझ्या कपाटातच राहणार. म्हणून आईलाही सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. तो बारीक फरक मला पुष्कळदा कळायचाच नाही. दोन्ही आवाज सारखेच वाटायचे. तुम्ही चिडाल म्हणून मी आपलं अंदाजाने 'उजवी' म्हणायचे, आणि तुम्ही उजवाच स्क्रू फिरवायचात.