भुताच्या बोगद्यातले काका

ती. मोठ्या काकांस,

दोन हात लांबूनच नमस्कार (जवळून करायची हिंमत नाही). गुडघा कसा आहे? काकू फोनवर तुमच्याबद्दल कुजबुजतच बोलते, त्यामुळे नीट कळत नाही. कायमची नोकरी सोडून मी करमणूक बागेत चित्रं काढायला लागलो, तेव्हापासून दोन वर्षं तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत. तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचा, कारण शुक्रवारी माझी हीही नोकरी जाऊ शकते.

आमच्याकडे कुठलाही खेळ बांधण्याआधी त्याचं मूळ चित्र हाताने काढतात. भुताच्या बोगद्याचं मी काढलं. तीस फुटी राक्षस, हिरवे डोळे, सगळं यथासांग. राक्षस केवढा आहे ते कळावं म्हणून त्याच्या पायाशी एक साधा माणूस काढायचा असतो. तो नुसता मापापुरता, बांधायचा नसतो. मी दर वेळी तुम्हालाच काढतो: हात मागे, मान तिरकी, नजर चष्म्यावरून (तुम्ही वजनमापांचे निरीक्षक होतात, म्हणून हक्काने). पुतळेवाल्याने राक्षसाबरोबर तुम्हालाही बनवून टाकलं, खिशातल्या दोन पेनांसकट. मला ते कळलं आज सकाळी, चाचणीच्या गाडीत बसल्यावर.

पुढच्या बाकावर मालकीणबाई. राक्षस गर्जला, तशी त्यांनी जांभई दिली. "हा कसला बागुलबुवा?" मग शेवटचं वळण आलं आणि समोर तुम्ही. मी किंचाळलो. बाई ताठ बसल्या, केस सारखे केले आणि काही कारण नसताना "सॉरी" म्हणाल्या. बाहेर येईपर्यंत मी मनातल्या मनात राजीनामा लिहून काढला.

"तो माणूस कोण?"

"काका," मी म्हणालो. (खोटं बोलणार होतो, पण तुम्ही आत उभे होतात.)

"राक्षस काढून टाका, काका ठेवा. पण ते बोलत का नाहीत?"

(हेच मी दोन वर्षं काकूला विचारतोय.) शुक्रवारपर्यंत त्यांना बोलतं करा, नाहीतर बोगदा बंद आणि तुमची नोकरीही गेली, असं मला सांगून त्या गेल्या.

आपला (अजून तरी) पुतण्या

ता. क. तेव्हा विनंती, की गुरुवारी येऊन पुतळ्यासाठी एकच वाक्य रेकॉर्ड करून द्यावं: "काय चाललंय इथे?"

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात निरोप आला, आमच्या तिकीट खिडकीवरच्या गृहस्थांचा आवाज बाईंना पसंत पडला. नोकरी वाचली, आता रेकॉर्डिंगची गरज नाही. तरी गुरुवारी याच, काका. काय ओरडायचं ते मला ओरडा.