आल्यागेल्याची खोली

६ नोव्हेंबर

आलो एकदाचे! सामान अजून खोक्यांतच आहे, चहाचं पातेलं सापडेना म्हणून चहा कुकरमध्ये उकळला, आणि तरीही मी आज इतकी खूश आहे की नवऱ्याने दोनदा विचारलं, तुला बरं वाटतंय ना. भाड्याच्या या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नाही. पण गॅलरीत उभं राहिलं की रस्त्यापलीकडे, अगदी समोर, आपला प्लॉट दिसतो. आपला! इतकी वर्षं भिंतीत खिळा ठोकायचा तर घरमालकाची परवानगी घेत आले. आता मनाला येईल तिथे ठोकीन.

प्लॉट उताराचा आहे. रस्त्यालगत सपाट, मग उतरत उतरत जातो आणि टोकाला गवताचा एक खोलगट तुकडा. नवरा म्हणतो, तू जमीन नाही, घसरगुंडी पसंत केलीस. म्हणू दे. या गावात आमची ओळख ना पाळख, पण जागा पाहिली त्या दिवशीच माझं ठरलं होतं. सासूबाई कधी मोठ्या दिरांकडे, कधी नणंदेकडे, हातात पिशवी घेऊन फिरत होत्या. आता त्यांना स्वतःची खोली मिळेल. भिंगरीला मिळेल. (मुलीचं खरं नाव वेगळं आहे, पण सात वर्षांत ती एका जागी बसलेली कोणी पाहिली नाही, म्हणून भिंगरी.) सगळे एका छताखाली. मला बाकी काही नको.

ही वही खास घरासाठी घेतली. घर उभं राहीपर्यंत रोज लिहायचं असा बेत आहे. आरंभशूर म्हणून मी प्रसिद्धच आहे, बघू.

११ नोव्हेंबर

रोज लिहायचा बेत दुसऱ्याच दिवशी बारगळला होता. असो.

आर्किटेक्टबाई नकाशा घेऊन आल्या. बाई हुशार आहेत, फक्त बोलायला लागल्या की समोरच्याने मान डोलवायची तेवढी. उतार कापायचा नाही, म्हणाल्या, घरानेच टप्प्याटप्प्याने उतरायचं. वर रस्त्यालगत बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली, म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना त्रास नाही. थोड्या पायऱ्या उतरून मधल्या टप्प्यावर आमची खोली आणि भिंगरीची.

खालचा तुकडा त्यांना मोकळाच सोडायचा होता. आधाराची दगडी भिंत घालावी आणि घर तिथे संपवावं. का, तर ती जमीन ओल धरेल. मला काही ते पटेना. एवढी जागा फुकट घालवायची? मी म्हटलं, तिथेही एक खोली काढा. कोणासाठी, त्यांनी पेन्सिल थांबवून विचारलं. घरात माणसं चार, खोल्या तर सगळ्यांना झाल्या. मी म्हटलं, असू दे की, आल्यागेल्यासाठी. येईल तो राहील. त्यांनी चौकोन काढला आणि आत बारीक अक्षरात लिहिलं, आल्यागेल्याची खोली.

१४ नोव्हेंबर

आज दारावरून वाद. खालच्या खोलीला बाईंनी मागच्या भिंतीत, गवताच्या बाजूला दार दिलं होतं. मला नको. घराच्या पाठीमागे, कोणाच्या नजरेत नसलेलं दार म्हणजे चोराला आमंत्रणच. मी ते खोडायला लावलं. मग त्या खोलीत जायचं कुठून? आतून जिना काढायचा. आमच्या खोलीतून काढला तर कपाटाची भिंत जाते, आणि माझ्या कपाटावर मी पाणी सोडणार नाही. राहिली भिंगरीची खोली. तिच्या कोपऱ्यातून खाली जिना. झालं!

बाई म्हणाल्या, नीट विचार करा, खाली राहणाऱ्याला बाहेर पडायला दुसरा रस्ताच उरत नाही, दर वेळी मुलीच्या खोलीतून यावं लागेल. भिंगरी तिथेच जमिनीवर लोळत होती. तिच्यादेखत मी ठणकावून सांगितलं की माझ्या मुलीच्या खोलीतून परकं कोणी येणार-जाणार नाही. जिन्याला वर दार लावू आणि कडी वरच्याच बाजूने. बाईंनी खांदे उडवले.  त्या गेल्यावर नवरा म्हणाला, पाहुण्याला कोंडून ठेवायची चांगली सोय केलीस. आम्ही दोघंही खूप हसलो.

१९ नोव्हेंबर

आज आखणी झाली! मुकादम दोन माणसं घेऊन आला. खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या आणि दोरीच्या कडेने पांढरी फक्की सोडत अख्खा नकाशा जमिनीवर उतरवला. भिंत म्हणजे रेघ, दार म्हणजे रेघेतली फट. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा आखल्या. मी खुळ्यासारखी डोळे भरून बघत राहिले.

संध्याकाळी थर्मास नेऊन घरातला पहिला चहा घेतला. नियम एकच, दारातूनच यायचं आणि दारातूनच जायचं. नवरा स्वयंपाकघराच्या भिंतीतून सरळ चालत आला तेव्हा आम्ही तिघींनी असा काही ओरडा केला की रस्त्यावरची माणसं थांबली. बिचारा परत मागे गेला आणि पाय पुसून दारातून आला. सासूबाईंनी घडीची खुर्ची त्यांच्या खोलीत मांडली. इथे खिडकी, इथे माझी ट्रंक, म्हणाल्या, आणि आता मला कोणी हलवू नका.  

२४ नोव्हेंबर

मंजुरी यायची आहे, तोवर खोदकाम नाही. आम्ही रोज संध्याकाळी घरी जातो. असंच म्हणतो हल्ली, घरी जाऊन येऊ. भिंगरीला परत आणताना नाकी नऊ येतात. आज सांगत होती की खालच्या खोलीत कोणीतरी राहायला आलंय. कोण गं, विचारलं तर म्हणाली, आलागेला. नकाशावरचं वाचलं असणार आणि लावला स्वतःचा अर्थ. मला हसू आवरेना. बरं, करतो काय हा आलागेला? तर म्हणे भिंतीकडे तोंड करून उभा असतो. दार शोधतो.

पोरांच्या डोक्यात काय काय येतं. चहा पिताना मी एकदोनदा खाली बघितलं. गवत होतं, दुसरं काही नव्हतं.

२७ नोव्हेंबर

खालच्या खोलीतलं गवत आडवं झालंय. सगळं नाही. मागच्या रेघेला लागून आतल्या बाजूने एक पट्टा, कोणी येरझारा घालून तुडवावा तसा. जिथलं दार मी खोडायला लावलं, अगदी तिथे. नवरा म्हणतो, कुत्रं बसत असेल. असेलही. पण कुत्रं रेघ बघून वळतं का? तुडवलेलं गवत रेघेपाशी येऊन थांबतं. रेघेवर एक पाऊल नाही.

आणखी एक. वाऱ्याने बैठकीच्या खोलीच्या रेघा पुसट झाल्यात. खालच्या खोलीची फक्की मात्र आज सकाळी मारल्यासारखी ठळक. मुकादमाला फोन करून विचारलं. आखणीनंतर तो तिकडे फिरकलेलाच नाही.

३० नोव्हेंबर

आज अंधार पडायच्या आधी निघायचं म्हणून सासूबाईंना हाक मारली. त्यांच्या खोलीपासून रस्ता दोन पावलांवर. पण त्या सरळ आल्या नाहीत. एवढे गुडघे दुखतात, तरी दाराच्या फटीपर्यंत गेल्या, बैठकीच्या खोलीतून वळसा घालून आल्या. मी म्हटलं, आई, पुरे झाला खेळ. त्या म्हणाल्या, खेळ कसला गं, भिंत नाही का मध्ये. मग म्हणाल्या की आत बसलं ना, की रस्त्याचा आवाज अजिबात येत नाही, फार शांत वाटतं.

मी मुद्दाम भिंगरीच्या खोलीत जाऊन उभी राहिले. रस्त्यावरून बस गेली. दिसली, ऐकू आली नाही. डोक्यावर एवढं मोकळं आभाळ, आणि जिन्याच्या रेघांपाशी वास मात्र बंद खोलीचा. ओलीचा.  दार वगैरे विसरून मी तशीच सरळ निघाले आणि गुडघा आपटला.

कशावर आपटला? तिथे काही नाही. फक्कीची रेघ आहे.

गुडघा काळानिळा झालाय. नवऱ्याला दाखवला. दगडाला लागलं असेल, म्हणाला. पण हसला नाही.

२ डिसेंबर

भिंगरीला तिकडे न्यायचं बंद केलं. रडून घर डोक्यावर घेतलं तिने. शेवटी जवळ घेऊन विचारलं तेव्हा सांगितलं. तो आता जिन्यात बसतो. वर येऊ का, असं विचारतो. तिने त्याला नाही म्हटलं, कारण परक्या माणसाने माझ्या खोलीतून जायचं नाही असं आईने सांगितलंय.

माझे शब्द. मी बाईंना म्हटलेले.

मग तो काय म्हणाला? म्हणाला, तर मग तू खाली ये.

दिसतो कसा, हेही विचारलं. तिला माहीत नाही. बोलतानासुद्धा तोंड भिंतीकडेच असतं.

३ डिसेंबर

आर्किटेक्टबाईंना फोन केला. मागचं दार परत घाला म्हटलं. तरी मी सांगत होते, हे त्यांनी ऐकवलंच. नकाशात घालतील. जमिनीवर आखायला मुकादम हवा, तो परवा सकाळी मोकळा होईल.

नवऱ्याने ऐकलं आणि भडकला. दार नको नि ती खोलीही नको, म्हणाला. सगळी फक्की पुसू, घर वर सरकवू, खालचा तुकडा गेला खड्ड्यात. त्याची आई कालपासून गॅलरीत बसून समोर बघत राहते, जेवायलाही उठत नाही, हे त्यालाही दिसतंय. मला भीती वाटते हे मी त्याला सरळ सांगितलं. आणि हो म्हटलं. घराच्या बाबतीत त्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं असेन. परवा मुकादमाकडून रेघा पुसून घेतल्या की विषय संपला. जीव भांड्यात पडला.

उद्याचा दिवस जाऊ दे.

५ डिसेंबर, सकाळ

भिंगरी अंथरुणात नाही. दाराची कडी काढलेली —

गॅलरीतून दिसली. खालच्या खोलीत. गवतात बसलीय, भिंतीकडे तोंड करून. ओरडले. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली, ती वळली नाही. नवरा आधीच मुकादमाला आणायला गेलाय, त्याला हे माहीत नाही. मी निघाले. वही हातातच —

खालच्या खोलीत

आधी मागून आले, गवतातून. रेघेपाशी हात लावून पाहिला. भिंत. गार. भिंगरी पलीकडे हातभर अंतरावर, माझी हाक तिला ऐकू जाईना. म्हणून वरून आले — बैठक, तिची खोली, जिना.

जिन्यात कोणीतरी मला घासून वर गेलं. ओलीचा वास. मी मागे पाहिलं नाही. पोर सापडली. हात बर्फासारखे, पण सापडली. कुशीत घेतलंय. खोलीत दुसरं कोणी नाही. गेला. देवा, गेला एकदाचा.

वर नवरा दिसतोय. मुकादम आहे. दोघेच — नाही, तिघे. तिसरा पाठमोरा. नवरा त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. तिसरा भिंगरीच्या खोलीत शिरला, जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. मुकादम झाडू घेऊन सरळ तिथेच —

पायऱ्या पुसतोय.

आम्ही दोघी ओरडतोय. नवरा समोरच्या गॅलरीकडे बघतो, आम्हाला शोधतो. इकडे बघ ना. इकडे — बघितलं. माझ्याकडेच बघितलं. गवताकडे बघावं तसं.

भिंगरीला उचलून वर ढकललं. डोकं आपटलं तिचं. जिना नाही. गुळगुळीत भिंत.

आता खालच्या रेघांवर झाडू मारतायत. खराखरा. फक्की हलत नाही. मुकादम मान हलवतो. राहू द्या म्हणतोय बहुतेक. दोघे निघाले.

तिसरा रस्ता ओलांडतोय. आमच्या भाड्याच्या घराच्या जिन्याकडे. गॅलरीत सासूबाई उठल्या. दार उघडायला आत गेल्या — आई, नको —

छत अजून नाही. वर आभाळ आहे. होतं. कडेकडेने अंधारतंय. वही वरून फेकते, भिंतीपलीकडे पडेल. मी कोंडलं. त्याला मी कोंडलं होतं. भिंगरीचं काय चुकलं?

ज्याला सापडेल त्याने — कोणीही — फक्की आणा. गवताच्या बाजूने या. खालची खोली, मागची भिंत, आम्ही दोघी आत आहोत. तिथे एक दार —