बांबूखालचं लग्न

३ जून, सोमवार

नाही म्हणजे नाही! त्या चौकटीत मी खूण करणार नाही.

सकाळपासून न्यू अ‍ॅमस्टरडॅमच्या कचेरीत बसले होते. माझा नवरा सुरुजबली गेला, त्याच्या मागे मला मिळायची ती पेन्शन मागायला. खिडकीतली मिस ग्रिमंड गोड बोलते — "आंटी, लग्नाचा दाखला?"

दाखला कुठला! आमचं लग्न बांबूखाली लागलं. अंगणात हिरवे बांबू रोवले, अग्नी पेटवला, पंडितजींनी मंत्र म्हटले, अख्खी वस्ती जेवली. हे गयानाच्या सरकारात नोंदवायचंही असतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमच्या पिढीत या उसाच्या मळ्यांवर सगळ्यांचं तसंच.

"मग इथं खूण करा," ती म्हणाली. "लग्नाविना सोबत राहणारी. पैसे लगेच सुरू होतील."

लग्नाविना! जन्मभर त्याच्या सदऱ्यावरची जळल्या उसाची काजळी घासली, ती काय शेजारीण म्हणून?

५ जून

लालबचन आला. सुरुजबलीचा धाकटा भाऊ. जीव लावतो, पण जिभेला हाड नाही. खांबांवर उभ्या घराखालच्या झोपाळ्यात पसरला. "वहिनी, एक रेघ मारायची! तो कागद वाचणार कोण?"

"मी वाचणार."

"शाळेची पायरी चढली नाहीस अन् —"

"पुडीच्या कागदांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले मी. ते काय स्वतःला ठेवलेली म्हणवून घ्यायला?"

जेवायला बसला. मग भाजी मात्र दोनदा मागून घेतली!

९ जून

तांदूळ तळाला गेला. कुंपणावर चवळीच्या शेंगा आहेत. भागेल.

१९ जून

परत गेले. मिस ग्रिमंडने डोकं धरलं. "आंटी, तुम्हाला उपाशी राहायचंय का?"

"मला बायको राहायचंय."

रांगेतल्या बायका खिदळल्या. एकीनं तर टाळीसाठी हात पुढे केला! शेवटी खिडकीतली पोरगी वरच्या साहेबाला विचारून आली — ज्यानं लग्न डोळ्यांनी पाहिलं, असं माणूस आणा. शपथेवर सांगू दे.

कुठून आणू? पंडितजी गेले, ढोलकवाला गेला, माझ्या माहेरचं कुणी उरलं नाही, जेवलेली वस्ती पांगली, लालबचन तेव्हा पाळण्यात होता. राहिली एकटी नणंद, फुलमतिया. आणि सासूबाईंच्या पितळी भांड्यांवरून आमचं बोलणं बंद!

२० जून

गिळला राग. हासर मासळीचं कालवण घेऊन तिच्या दारात उभी राहिले.

"भांडी परत द्यायला आलीस?"

"तुला कचेरीत न्यायला आले." सगळं सांगितलं.

तिनं काठी आपटली. "माझ्या भावाची ठेवलेली म्हणतात तुला? चप्पल कुठाय माझी!"

"अगं आज नाही, बोलावतील तेव्हा!"

चप्पल पायात घालूनच कालवण खाल्लं. मीठ कमी आहे म्हणाली.

४ जुलै

झाली साक्ष! फुलमतियाला ऐकू कमी येतं. साहेबाचा प्रश्न मीच तिच्या कानात ओरडले — लग्न पाहिलंत का?

"पाहिलं म्हणजे?" ती साहेबावरच उखडली. "दुसऱ्या दिवशी नवरदेव खिचडीपुढे रुसून बसला. भेट मिळाल्याशिवाय घास घ्यायचा नाही, ही आपली रीतच. पण हा भलताच चिवट! धोतर दिलं, ताट दिलं, हलेना. शेवटी हिच्या बापानं दाव्याची वासरी सोडून दिली, तेव्हा जेवला. लग्नाविना कुणी वासरी देतं का रे, बाळा?"

साहेबानं तोंडावर हात धरला. मग हळूच म्हणाला, "माझे आजोबा सायकलसाठी बसले होते."

सगळं लिहून घेतलं. कळवतो म्हणाला. आम्ही दोघी मिनीबसमधून भांडत घरी आलो. भांडी अजून तिचीच म्हणते!

२ ऑगस्ट

मंजूर. कागदावर माझं नाव, आणि पुढे — विधवा.

बायको म्हणा, बायको म्हणा, म्हणून इतके दिवस झगडत होते. तो शब्द वाचला आणि कागद उलटा करून ठेवला.

जिंकले मी. आणि आज तो गेला.