खिळा क्रमांक चारशे सतरा

मी, खाली सही करणार, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा आधी कोळसा काढणे व नंतर भाषणे करणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. आज सकाळीच पाचवीच्या पुस्तकातली नदीची कविता न अडखळता शेवटपर्यंत म्हणून पाहिली. कोणाचं दडपण नाही. दडपण काय असतं ते मला ठाऊक आहे, तेवीस वर्षं डोक्यावर ऐंशी पुरुष उंचीचा दगड घेऊन काम केलंय. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती पक्षाच्या चिटणीसांनी तपासून दिली होती, आणि त्यांतलं खरं तेवढं नेमकं खोडलं होतं.

कलम १. पाठ्यपुस्तकातल्या कवितांच्या माझ्या सगळ्या प्रती, मुखपृष्ठ नसलेली धरून, नातीला द्याव्यात. या घरात कविता संपेपर्यंत बसून राहणारी ती एकटीच. पाच वेळा निवडून गेलो, पण सभागृहात एकही कविता पुरी म्हणता आली नाही. दुसऱ्या ओळीला अध्यक्षांची घंटा वाजायची.

कलम २. माझ्या भाषणांच्या अकरा फायली थोरल्या मुलाकडे जाव्यात. त्याला त्या हव्याच आहेत. प्रत्येक खाणीला बाहेर पडायची दुसरी वाट असलीच पाहिजे, एवढंच मी बावीस वर्षं वेगवेगळ्या शब्दांत मागत होतो. ते विधेयक सहा वेळा समितीकडे गेलं आणि सातव्यांदा समितीच बरखास्त झाली. मी दोन वर्षं मंत्री होतो तेव्हाही नाही झालं. तेव्हा तर सचिव म्हणाले, "साहेब, आता मागणी करणारे तुम्हीच आणि नाही म्हणणारेही तुम्हीच. जरा दमानं घ्या." मी दमानं घेतलं.

थोरल्याला पक्षाकडून उमेदवारी हवी आहे, आणि पक्षाला स्मारकासाठी हे घर. परवा जेवताना म्हणाला, "बाबा, दिवाणखान्यात तुमचा अर्धपुतळा बसेल. डोक्यावर दिवा असलेली टोपी घालून."

"ती टोपी मी ज्या दिवशी उतरवली त्या दिवसाचं काय झालं, विचारलंयस कधी?"

"पुन्हा तेच नका काढू. भाजी घ्या."

म्हणून ते इथे काढतो. मृत्युपत्रातली ओळ कोणाला खोडता येत नाही, असं वकीलबाई म्हणतात.

कलम ३. दाराआड उभी असलेली पोलादी टोकाची काठी माझी नाही, म्हणून मी ती कोणाला देऊ शकत नाही. ती माझ्या जोडीदाराची. त्याला सगळे ठोक्या म्हणत, कारण कामाला हात लावण्याआधी तो या काठीने छत ठोकून बघायचा. चांगलं छत खणखणीत बोलतं, सुटलेलं छत भोपळ्यासारखं. त्याला मी भुजंगप्रयात शिकवलं होतं. लगागा लगागा करत ठोकायचा आणि म्हणायचा, "मास्तर, इथे तुझी कविता अडली रे. मागे हो." असा तीन वेळा मागे झालो, म्हणून हे लिहायला शिल्लक आहे. काठी वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, परत करावी. बेचाळीस वर्षं उशीर झाला आहे.

कलम ४. हे कलम नीट वाचावे.

आमच्या खाणीच्या तोंडाशी एक फळा होता, त्यावर नंबर घातलेले खिळे. खाली उतरताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला खिळ्यावरून काढून गळ्यात घालायचा, वर आल्यावर पुन्हा टांगायचा. पाळी संपल्यावर खिळा रिकामा दिसला तर माणूस अजून खाली आहे, आणि त्याला शोधायला जायचंच. माझा नंबर चारशे सतरा.

पहिल्या निवडणुकीची मतमोजणी होती त्या दिवशीही मी पाळीवर गेलो. वर्तमानपत्रांनी त्याचं फार कौतुक केलं. खरं कारण एवढंच, की मी पडणार याची मला खात्री होती. दुपारी माणसं वर-खाली नेणारा पाळणा वर आला, दार उघडलं आणि दोनशे माणसांनी मला खांद्यावर घेतलं. टोपी कोणी उतरवली, नवा कोट कोणी चढवला, कळलं नाही. बॅन्ड पुढे, मी मागे. बिल्ला गळ्यातच राहिला.

ठोक्या माझ्या मागच्या पाळण्याने वर आला. गर्दीत मी आधीच वर गेलो, हे त्याने पाहिलं नव्हतं. मिरवणूक तोवर वळणापलीकडे गेली होती. त्याला फळ्यावर रिकामा खिळा दिसला. हजेरीवाला बॅन्ड ऐकायला गेटपाशी गेलेला. शोधायला दोघांनी जावं असा नियम, पण दुसरा माणूस आणायचा कुठून? सगळे माझ्यामागे नाचत होते. तो एकटा उतरला. मला हाका मारत आमच्या जागेपर्यंत गेला, आणि तिथे छत अंगावर आलं. घाईत त्याने ठोकून पाहिलं नाही, इतकंच मला सुचतं. काठी वर, भिंतीला टेकवलेलीच सापडली.

इथवर ती चूक होती. पुढचा गुन्हा. बातमी आली तेव्हा मी व्यासपीठावर होतो. चिटणीस कानाशी म्हणाले, "बिल्ला टांगून या. आत्ताच्या आत्ता." मी गेलो आणि टांगला. चौकशीला आले त्यांना माझा खिळा भरलेला दिसला. अहवालात लिहिलं, ‘मयत कारणाशिवाय व परवानगीशिवाय खाली उतरला.’ हजेरीवाल्याने तोंड शिवलं. पुढे त्याला पक्षाच्या कचेरीत खुर्ची मिळाली. गावाने कारण स्वतःच शोधलं : माझ्या विजयाची प्यायला असेल. खाणीच्या गेटावर कामावर मेलेल्यांची नावं कोरलेला दगड आहे. त्यावर त्याचं नाव नाही.

मंत्री झाल्यावर मी नाव कोरण्याची फाईल काढली. ‘पुरावा जोडावा’ असा शेरा मारून कारकुनाने ती परत पाठवली. पुरावा मी होतो. मी फाईल कपाटात ठेवली. खाण बंद झाली तेव्हा तो बिल्ला समारंभात, काचेच्या चौकटीत घालून मलाच भेट दिला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

काच फोडून बिल्ला माझ्याबरोबर जाऊ द्यावा. फळा अजून बंद कचेरीत आहे. त्यावर चारशे सतराचा खिळा रिकामा ठेवावा, त्या दुपारी होता तसा.

कलम ५. हे राहते घर, अंगणासह, मी वहिनींना देत आहे.

पुरवणी. वरील मजकूर झाल्यावर आज वहिनींना बोलावून घेतलं. समोरच्याच गल्लीत राहतात. वकीलबाई वाचून दाखवू लागल्या तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मला वाचता येतं." चष्मा पुसून चौथं कलम दोनदा वाचलं.

"तो प्यालेला नव्हता, हे मी दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले," त्या म्हणाल्या. "किती वेळा तुम्ही समोर बसलेले असायचात, भावजी. चहा पीत."

मी हो म्हणालो. दुसरं काही पाठ नव्हतं.

"साक्षीदार कोण?"

वकीलबाई म्हणाल्या, "गल्लीतले शिंपी येतायत. आणखी एक लागेल."

"मी करते सही."

"आजी, ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष केली, तर त्याला ती मिळत नाही. घर जाईल तुमचं."

"घर घेतलं तर लोक म्हणतील, घरासाठी म्हातारीने लिहून घेतलं. आधी तो दारुडा, मग मी लबाड. पेन द्या."

सबब कलम ५ रद्द. घर थोरल्याला मिळेल, पण गेटावरच्या दगडावर ठोक्याचं नाव कोरून झाल्यावर आणि कलम ४ माझ्या शोकसभेत त्याने स्वतः मोठ्याने वाचल्यावरच. मधेच घंटा वाजवू नये.

मी त्यांची क्षमा मागितली. ती मिळाली असं इथे लिहू का, म्हणून विचारलं. "जे झालं तेवढंच लिहा," म्हणाल्या. म्हणून लिहीत नाही.

ठिकाण : राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर
दिनांक : ९ मार्च, पहिल्या मतमोजणीला आज बेचाळीस वर्षे पूर्ण

लिहून देणार : सही, बिल्ला क्रमांक ४१७

साक्षीदार :
१) सही, गल्लीतला शिंपी. मजकूर वाचला नाही, सही समोर झाली.
२) सही, ठोक्याची बायको. मजकूर वाचला. काठी घेऊन जात आहे.